देवघरातला डबा

मंगळवार, १८ मार्च

पोचलो. मूलहून पोंभुर्ण्याची बस धरली आणि पुढे अमरने मोटारसायकलवर आणले. रस्ताभर पळस पेटलेला. मोहाखाली बाया टोपल्या घेऊन फुले वेचत होत्या. आरमोरीच्या बाजारातल्या माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात बसून बसून डोळे आंबले होते, ते आज निवले. देवाने घडवलेले हिरवेपण पाहिले की नामस्मरण आपोआप होते.

घर तलावाच्या पाळीला, म्हणजे मातीच्या बांधाला, लागून आहे. पाळीवर उभे राहिले की वारा अंगाला थंड लागतो. घरधनी गुणवंतराव मागच्या वर्षी वारले. मासेमारी करणाऱ्या ढीवर समाजातले मोठे माणूस, सारा तलाव त्यांच्या शब्दावर चाले असे अमर सांगत होता. घरात आता त्यांची बायको वच्छलाबाई, मुलगा अमर आणि सून करिश्मा. अमर चंद्रपूरला नोकरीला, सध्या रजेवर.

बिघडलेली वस्तू पाहिली. घरातले सगळे फोटो, व्हिडिओ, आवाज एका ठिकाणी साठवणारा डबा असतो, त्याला नॅस म्हणतात. आत दोन हार्ड डिस्क. जे एकीवर तेच दुसरीवर, आरशासारखे, म्हणजे एक गेली तरी दुसरी राहते. गुणवंतराव शेवटच्या वर्षी अंथरुणाला खिळले होते. अमरने माईक लावून दिला आणि ते दिवसभर बोलत राहिले. ते सारे बोलणे या डब्यात आहे. मागच्या महिन्यात अमरने डब्याचे फर्मवेअर, म्हणजे डब्याला चालवणारी त्याची आतली प्रणाली, नवीन करायला घेतली आणि मध्येच विजेची लाइन गेली. तेव्हापासून लाल दिवा लुकलुकतो. डबा उघडत नाही, एक डिस्कही बाद झाली आहे.

काम अवघड नाही. प्रणाली हाताने पुन्हा भरायची, बाद झालेली डिस्क काढून कोरी घालायची, चांगलीवरून तिच्यावर नक्कल होऊ द्यायची. नक्कल सावकाश होते, म्हणून मुक्काम. डबा दुकानात नेऊ का म्हटले तर वच्छलाबाई नाही म्हणाल्या. तो देवघरात ठेवला आहे. पुढे पाण्याचा लोटा, तांदूळ.

जेवणात झिंगे होते. मी माळकरी आहे, म्हणून करिश्माने वेगळे वरण केले. रात्री निशाचा फोन आला. पोर चंद्रपूरला नर्सिंग शिकते. तिची आई गेल्यापासून आम्ही दोघेच एकमेकांना. पप्पा, झिंगे खाल्ले का म्हणून हसली.

बुधवार, १९ मार्च

सकाळी चहाला चौकात गेलो. पोचूच्या टपरीवर चार माणसे होती. कोणाकडे उतरलो ते सांगितल्यावर पोचूने गाळलेला चहा परत भांड्यात ओतला. म्हणाला, भाऊ, मेला तवा गावानं सुटकेचा श्वास टाकला, तुमी त्याले उठवाले आले का? बाकीचे हसले. एकाने विचारले, त्याचे जोडे बी घालून पाहाले का? मी उठलो. वाईट वाटले. मेलेल्या माणसाबद्दल असे बोलू नये.

करिश्माला विचारले तेव्हा तिने लपवले नाही. सासरा जिवंत असताना आजूबाजूच्या गावांतल्या माणसांना पाण्यात पाय टाकू देत नव्हता. मेल्यावरही घर त्याच्याच आवाजाने उठायचे. वच्छलाबाई रोज सकाळी डबा सुरू करायच्या. शिव्या, हुकूम, कोणते जाळे कुठे टाकायचे ते. करिश्मा म्हणाली, मेल्यावरबी माह्या भाजीत मीठ कमी म्हणे, आता सांगा भाऊ. मग वच्छलाबाईंची चाहूल लागली आणि ती चुलीकडे वळली.

बरशी, म्हणजे वर्षश्राद्ध, तोंडावर आली आहे. त्या दिवशी आवाज घरात पाहिजे, एवढेच वच्छलाबाईंचे म्हणणे. डबा बंद पडल्यापासून त्या एक वेळच जेवतात.

घरात नेटवर्क नाही. पाळीवर उभे राहून फोनवर फर्मवेअरची फाइल उतरवून घेतली. तिथे लालसू भेटले, पलीकडच्या टोल्यावरचे, छोट्या वस्तीवरचे, गोंड म्हातारे. मी काय करतो ते त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग विचारले, त्याचा जीव आणला होता का? मी म्हटले, मला माहीत नाही. ते निघून गेले.

शुक्रवार, २१ मार्च

देवाची कृपा. लॅपटॉपला वायर जोडून फर्मवेअर भरले, दिवा निळा झाला. अमरने आणलेली कोरी डिस्क घातली. नक्कल सुरू झाल्याची पट्टी दिसू लागली. वच्छलाबाईंनी डब्याला हळदकुंकू वाहिले आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहून हसल्या.

स्पीकर लावला. खोकला ऐकू आला, मग जाड आवाज. माह्या घरात कोण बसून आहे? काऊन बसून आहे? अमर म्हणाला, रोग्याची बडबड. करिश्मा मात्र पदर तोंडाला लावून उभी राहिली. म्हणाली, मी सारं ऐकलं आहे, हे नव्हतं.

जीव आणण्याचे मी तिला विचारले. घराची रीत अशी की माणूस गेला की तलावावर जायचे, पाण्यात लोटा धरायचा, मेलेल्याला नावाने हाक मारायची. त्या हाकेला जे पहिले येईल, मासोळी असो की झिंगा, तो त्याचा जीव. तो लोट्यात घेऊन घरी यायचे. गुणवंतरावांच्या वेळी अमर म्हणाला होता, बा तर डब्यातच आहे, तलावावर कशाले जायचं? आणि वच्छलाबाईंनी मान डोलावली. लोटा भरून डब्यापुढे ठेवला. तलावावर कोणी गेलेच नाही.

शनिवार, २२ मार्च

नक्कल चांगली पुढे सरकली आहे. दुपारी सहज कोऱ्या डिस्कवर हात ठेवला. थंड. चालणारी डिस्क कोमट लागते, बारीक थरथरते. ही दगडासारखी. काढून लॅपटॉपला लावली. रिकामी. एक अक्षर नाही. परत घातली. पट्टी पुढेच जात होती.

मग लिहिले जाते आहे ते कुठे?

अमरला सांगितले. तो म्हणाला, भाऊ, तुमचं काम तुमी पाहा, आवाज आला ना?

सकाळचे नामस्मरण करताना मध्येच अडलो. लहानपणापासून म्हणतो ती ओळ. आठवली नाही. उन्हाचे असेल.

सोमवार, २४ मार्च

आज जेवताना मी करिश्माला म्हणालो की भाजीत मीठ कमी आहे. भाजी नव्हती ती. झिंगे होते. मी अर्धे ताट खाल्ले होते.

माळ गळ्यात आहे. उलटी झाली नाही. गोड लागले.

तलावात मरळ मासोळी कुठे बसते ते मला माहीत आहे. पलीकडच्या काठाला बुडालेल्या खोडाखाली, चिखलात. मी शेतकऱ्याचा मुलगा, जन्मात जाळे धरले नाही.

संध्याकाळी फोन वाजला. पडद्यावर नाव होते, निशा. कोण निशा म्हणून मी पाहत राहिलो. वाजून थांबला. पुन्हा वाजला. आवाज ऐकला तेव्हा आठवली. पोर विचारत होती, पप्पा, बरे आहात ना? मी बरे म्हणालो. देवा, बाकी काय न्यायचे ते ने. ही पोर राहू दे.

काम सोडतो. सकाळी निघतो.

मंगळवार, २५ मार्च

निघालो होतो. पिशवी खांद्याला, थांब्यापर्यंत गेलो. बस येताना दिसली हे आठवते.

मग कमरेपर्यंत पाणी. दुपार. हातात मरळ, तळपत होती. पाळीवर गावातली माणसे उभी होती, पोचूही. त्या दिवशी टपरीवर हसणारी हीच माणसे. मी वळून पाहिले तर सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी त्यांना काहीतरी ओरडलो. काय ते लिहवत नाही. असा शब्द माझ्या तोंडून कधी निघाला नाही. पोचूने हात जोडले.

घरी वच्छलाबाईंनी पाय धुवायला पाणी दिले. मी नको म्हणालो. त्या म्हणाल्या, रोजचंच तर आहे. मला लटारूभाऊ म्हणायच्या. आज अहो म्हणाल्या.

अमर दारात उभा होता. बा, आंघोळ करून घे म्हणाला आणि हसला नाही.

बुधवार, २६ मार्च

दोन्ही डिस्क काढल्या. टेबलावर ठेवल्या. वायर काढली. डबा रिकामा, दिवा बंद.

लॅपटॉप उघडला. पट्टी चालूच आहे. निम्म्याच्या खूप पुढे.

निशाच्या आईचा चेहरा गेला. आज शोधला, नाही. तिच्या जागी वच्छलाबाई, तरुणपणच्या, हिरव्या लुगड्यात, जाळे विणताना. मी त्यांना तरुणपणी पाहिलेलेच नाही.

करिश्मा मागच्या दाराने येऊन म्हणाली, भाऊ, जा इथून, पोरीले बोलवा, ती धरून नेईल, एकटे गेले तर पाय परत येतात. ती रडत होती. हे तिच्या सासूला ठाऊक आहे का विचारले. म्हणाली, पह्यल्या दिसापासून. कोरी डिस्क अमरने आणली ती नुसती दाखवाले. बाईले दुसरं पाहिजे होतं. शांत माणूस पाहिजे होता, आतून मोकळा, मागं फार कोणी नसलेला.

निशाला फोन केला. उद्या दुपारच्या बसने येते म्हणाली. सांगितले, घरात येऊ नको. पाळीवर उभी राहा, हाक मार. मी येतो.

निशा. निशा लटारू. माझी मुलगी. नर्सिंग. डाव्या भुवईवर खूण, लहानपणी चुलीजवळ पडली होती.

गुरुवार, २७ मार्च

लालसूंकडे गेलो. म्हणजे पाय जाऊ देत होते. ते मला पाहून आधी मागे सरले. मग म्हणाले, तू अजून आहेस थोडा. पाण्याचं पाण्याले द्या, मग रीतीनं आणा. त्याले तलावातून आणलंच नाई, तर तो घरात कुठी राहील? ज्याच्यात जागा भेटंल त्याच्यात.

वच्छलाबाईंना सांगितले, डबा तलावात सोडू, जीव रीतीने आणू. वाटले भांडतील. लगेच हो म्हणाल्या. चालन, म्हणाल्या. आजच.

इतक्या लवकर हो का —

दुपार. पाळीवर बसून लिहितो आहे. ऊन डोक्यावर. समोर ते तिघे. अमरने डबा पाण्यात सोडला. बुडबुडे आले, मग नाही. डबा गेला. डोक्यातले काही गेले नाही. उलट स्वच्छ झाले. तलावाचा तळ दिसतो आहे, प्रत्येक दगड.

देवाचे नाव घ्यायचे आहे. कोणत्या देवाचे?

वच्छलाबाई गुडघाभर पाण्यात. लोटा धरला आहे. पाठीमागे करिश्मा, तोंड झाकून. हाक मारत आहेत. अमरचे बा, घरी चला. गुणवंतराव, घरी चला.

पाण्यातून काही आले नाही. मासोळी नाही, झिंगा नाही. पाणी स्थिर.

बाई पाण्याकडे पाहतच नाहीत. माझ्याकडे पाहत आहेत.

पाळीच्या त्या टोकाला पोर उभी आहे. पिवळा ड्रेस. पिशवी. ओळखतो. भुवईवर खूण असेल, इतक्या लांबून दिसत नाही. हात हलवते आहे. पप्पा म्हणते आहे. ऐकू येते. नाव येते. निशा. निशा. उठून तिच्याकडे जायचे. एवढेच करायचे. चार पावले की ती धरेल.

पुन्हा हाक. घरी चला.

जे पहिले येईल ते —

उठलो आहे, वही हातातच. तिच्याकडेच तोंड आहे माझे. तिच्याकडेच पाहतो आहे. ती धावते आहे. पण घोट्याला पाणी लागले. गार. पोरी, थांब, इकडे नको, मी येतो आहे ना, बघ, मी तुझ्याकडेच — पाय —