तुम्ही भरलेला शेवटचा साचा

अहो,

प्रिय वगैरे लिहायला हात धजत नाही. जन्मभर 'अहो' म्हटलं, आता कुठं नवीन काही शिकू?

आज तुमचा साचा उघडला. तुम्ही शेवटचा भरलेला. तुम्ही गेलात, तेव्हापासून अंबरपेठच्या शेडमध्ये तो तसाच उभा होता, बोल्ट आवळलेला, वरून ओलं पोतं टाकलेलं. पोतं कधीच वाळून कडकडीत झालं. मी तिकडं फिरकलेच नाही. पण शेडच्या मालकाला तिथं फ्लॅट बांधायचेत. महिनाअखेर जागा रिकामी करा म्हणाले. बाकीचे साचे तुमच्या हाताखालचा यादगिरी घेऊन गेला, त्याच्या नव्या मालकाकडं चालतील म्हणाला. हा एक राहिला. भंगारवाल्याने नुसतं बोटाने टकटक केलं आणि म्हणाला, "अंदर माल भरा है अम्मा, घन मारके निकालना पडता." घन म्हटल्यावर मी त्याला परत पाठवलं. म्हणून उघडला.

काय निघालं ते सांगते. पण क्रमाने सांगते. तुमच्यासारखं मध्येच "मुद्द्याचं बोल" म्हणू नका, आज तरी!

तुम्हाला ठाऊक आहे मला काय हवं होतं. तुमच्या हातचा एक नग. आपल्या घरात, नल्लकुंट्याच्या त्या भाड्याच्या दोन खोल्यांत, तुमच्या हातची एकही वस्तू नाही. पत्नीने नवऱ्याच्या कामाचं काय ठेवावं? शिंप्याच्या बायकोकडं साडीचा फॉल असतो, सुताराच्या बायकोकडं पाट असतो. माझ्याकडं काय? तुमचा चष्मा, आणि सिमेंटने कडक झालेला एक शर्ट.

तुमचा कायदाच तसा! चांगला निघाला तो नग गिऱ्हाइकाचा. बिघडला तो फोडायचा. मधलं काही नाही. मग घरात यायचं काय?

ते पोपट आठवतात? विद्यानगरच्या डॉक्टरांच्या फाटकावरचे? बाजार नुकता खुला झाला होता, ज्याच्या त्याच्या हातात परदेशी मासिकं, आणि ज्याला त्याला बंगल्यापुढं रोमच्या राजवाड्याचे खांब हवेत. डॉक्टरांना मात्र पोपट हवे होते, एकमेकांकडं बघणारे. पहिला तुम्ही मातीत घडवून त्यावरून साचा घेतला. दुसऱ्याला घाई झाली म्हणून थेट साच्याच्या पोकळीतच कोरलात. साच्यात उजवं ते डावं होतं, हे तुम्ही दहा जणांना शिकवलेलं, आणि स्वतःच विसरलात! दोन्ही पोपट एकाच दिशेला बघत निघाले. एक रुसून चाललाय आणि दुसरा त्याच्या मागं "अरे ऐक तरी" म्हणत निघालाय, असं मी म्हटलं आणि यादगिरी हसून हसून खाली बसला. तुम्ही नाही हसलात.

मी म्हटलं, तो रुसलेला मला द्या, गॅलरीत तुळशीजवळ ठेवते. तर म्हणालात, "साचेवाल्याच्या घरात फसलेला नग? येणारा जाणारा काय म्हणेल?" आणि घेतला घन. मी बघत उभी. कोण येत होतं हो आपल्याकडं? येणारा जाणारा होता तरी कोण?

तर शेवटचा साचा. कठड्याचा खांब, तोच तुमचा आवडता, मान बारीक आणि पोट गोल. याची कड तुम्ही पत्र्यात स्वतः कापली होतीत आणि ओल्या प्लास्टरवर ती फिरवून मूळ खांब घडवला होता. किती दिवस तो पत्रा कानशीने घासत होतात! पोटाची गोलाई जरा जास्त झाली की खांब बाळंतिणीसारखा दिसतो म्हणायचात. बंजारा हिल्सवर कितीतरी गच्च्यांना हाच खांब आहे. बसमधून दिसला की मी शेजारच्या बाईला सांगते, हे आमच्या ह्यांचं. त्या नुसत्या मान हलवतात. त्यांना तेलुगूतून कसं सांगायचं ते मला अजून नीट जमत नाही.

त्या दिवशीचं मी सगळ्यांना सांगत आलेय. तेराव्याला आलेल्यांना सांगितलं, आपल्या लेकाला, नंदूला, फोनवर सांगितलं. दुपारी तुम्ही खांब भरला. मी तिथंच पाठमोरी बसून मार्बलची पावडर चाळत होते, तोंडाला पदर बांधून. मग तुम्ही हात धुतलेत आणि म्हणालात, "चल, आज रिक्षाने जाऊ. स्कूटर राहू दे इथंच." मी म्हटलं, काय झालं स्कूटरला? "रोज काय तेच, आज जरा ऐटीत जाऊ." वाटेत मिरची भजी घेतलीत. स्वतः एकच खाल्लं, बाकी सगळी पुडी माझ्याकडं सरकवलीत. इतक्या वर्षांत तुम्ही मला रिक्षात शेजारी बसवून कधी फिरवलं होतं? मी खूश होते हो. पहाटे तुम्ही गेलात, डॉक्टर हृदयाचं म्हणाले, आणि मी रडता रडता प्रत्येकाला सांगत होते, जाता जाता माझा लाड करून गेले.

ती रिक्षा मी जपून ठेवली होती. संध्याकाळी दिवा लावला की घरात बोलायला कुणी नसतं. टीव्ही नुसता चालू ठेवते, समोर बसत नाही. तेव्हा ती रिक्षा काढून बघायची. भज्यांची पुडी, तुमचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागलेला. बस, तेवढं पुरत होतं.

आज सकाळी शेडवर गेले. साचा एकटीने उघडता येत नाही. तुम्ही "हं" म्हणायचं, मी पलीकडून "हं" म्हणायचं, आणि दोघांनी एकाच दमात दोन्ही अर्ध्या बाजू ओढायच्या. एकाने आधी ओढली की कड उडते. तुमचं "हं" आता कुणाकडून आणायचं? मी बोल्ट सोडून बसून राहिले. भिंतीपलीकडच्या शमीम आपा चावी ठेवतात, त्या डोकावल्या. "भाभी, कब तक ऐसेच बैठते? मैं पकडती, बोलो क्या करनेका." मी शिकवलं. त्यांनी ओढणी कमरेला खोचली, साच्याला दोन्ही हात लावले, "बिस्मिल्ला" म्हणाल्या आणि ओढलं. मी 'हं' म्हणायचंच विसरले, पण हात आपोआप चालले.

सुटला! एवढे दिवस आत राहून सुटला. माझ्या बाजूची कड शाबूत, त्यांच्याही बाजूची शाबूत. उजवी बाजू अशी गुळगुळीत की त्यात खिडकीचा उजेड पडला. मी म्हटलं, आता हा माझा. गिऱ्हाईक तर कधीच दुसरीकडं गेलं. याला कुणी फोडणार नाही, की कुणी नेणार नाही.

मग शमीम आपा म्हणाल्या, "ये क्या भाभी? एकीच बाजू कैसा बिगड्या?"

मी पलीकडं गेले. डावी बाजू मानेपासून पायापर्यंत अनारशासारखी. नुसती भोकं. हवेचे फुगे सगळे जसेच्या तसे.

मी त्यांना समजावून सांगायला लागले, आपा, यात हवा राहते, ती काढायला बाहेरून मोगरीने ठोकावं लागतं. आमचे हे कधी साच्याला फेरी मारत नसत. एका जागी उभं राहून उजवीकडं उजव्या हाताने ठोकायचं, मग मोगरी डाव्या हातात घ्यायची आणि डावीकडं. यादगिरी म्हणायचा, साहेबांना दोन उजवे हात आहेत. डावीकडंही तसंच, त्याच जोराने.

एवढं बोलले आणि मी माझ्याच डाव्या हाताकडं बघितलं.

डाव्या हातात मोगरी धरवली नाही तुम्हाला. हो ना? हात दुखत होता. आणि स्कूटरचा क्लचही डाव्याच हाताचा. म्हणून रिक्षा.

म्हणजे तो लाड नव्हता.

मी तिथं पावडरच्या गोणीवर बसले आणि शमीम आपांसमोर मोठ्याने रडले. त्यांना वाटलं खांब बिघडला म्हणून रडतेय. "नक्को भाभी, दुसरा बनाते," म्हणाल्या. दुसरा कोण बनवणार?

अहो, मी तिथंच होते! हाक मारली असती तर ऐकू आली असती. मोगरी तरी माझ्या हातात द्यायची होती, "डावीकडचं तू ठोक" एवढंच म्हणायचं होतं. तुम्ही मात्र पहिल्यापासून असेच. डोळ्यात प्लास्टर उडालं, काही नाही. बोटात फायबरची कुसळं शिरून हात सुजला, काही नाही. जेवताना डाव्या हाताने घास घेत होतात तेव्हा मी पकडलं. उस्मानिया दवाखान्यात नेलं तर तिथल्या डॉक्टरलाही तेच, काही नाही साहेब. मग डॉक्टरकडं आलो कशाला आपण? तुम्हाला काय वाटत होतं, दुखतं म्हटलं की मी तुम्हाला फसलेल्या नगात काढेन?

रागाने पोट भरलं की मग वाटतं, तेवढ्या दुखण्यातही माणसाने भजी घेतली. हात दुखत असताना रिक्षा थांबवली, खाली उतरला, पुडी आणली. दुखणं लपवायला असेल. ऐटही असेल. आता कुणाला विचारू? जे काय होतं ते तुम्ही घेऊन गेलात, आणि मला रोज बघायला होतं ते एक चित्र आता दर वेळी डाव्या हातापाशी अडतं.

खांब घरी आणला आहे. आपांच्या भाच्याने टेम्पोत घातला. खिडकीजवळ उभा केला आहे, डावी बाजू खोलीकडं. तुमचा कायदा मला माहीत आहे, पण घन आता माझ्याकडं नाही, यादगिरीने नेला. आणि असता तरी उचलला नसता. गुळगुळीत बाजू सगळ्या बंजारा हिल्सला दिलीत. ही मला राहू द्या. भोकांवरून बोट फिरवलं तर बोट अडकतं, आणि मी तुमच्याशी भांडायला लागते. बरं वाटतं. घरात आवाज होतो.

तुम्हाला एक शब्द देते. मला कुठं दुखलं, हात, पाठ, छाती, काहीही, तर मी सांगेन. लगेच सांगेन. कुणाला, हा प्रश्नच आहे. नंदूचा फोन रविवारी येतो, अमेरिकेतून, आणि शमीम आपा अंबरपेठला. म्हणून खालच्या मजल्यावरच्या बाईंकडं जायचं ठरवलं आहे. इतकी वर्षं एकाच जिन्याने चढउतार केला, पण त्यांना माझं नाव माहीत नाही. आणि मला त्यांचं. तुमची सोबत होती, कधी गरजच लागली नाही. उद्या सकाळी पाणी येऊन गेलं की त्यांचं दार वाजवेन. तेलुगू चुकलं तर चुकलं. आधी माझं नाव सांगेन.

तुमची,
शालिनी