जुईचे गुलाबी दात

मंगळवार, संध्याकाळ

हो, मीच बाथरूमचं दार ठोकलं. मग काय करणार? नात डेंटल कॉलेजात शिकते म्हणून घरातल्या सगळ्यांनी रोज तिच्या ब्रशपायी खोळंबायचं? ओरडलो, "जुई, निघ बाहेर! दात आहेत की पितळेची भांडी?" बिचारी नुसती चूळ भरून आली. वरून मीच तिला पोहे-जिलेबी खायला लावली.

आणि आजच तिच्या सरांनी क्लासमध्ये सगळ्यांच्या दातांना रंग लावला. दातांवर मळ असेल तिथे गुलाबी होतं म्हणे. जुईचे सगळेच झाले. पोरं हसली, "डॉक्टरनीजी, पहले अपना इलाज करा लो!"

घरी आली तेव्हाही कडेकडेला गुलाबीच होते. सूनबाई बिगडली, "दात न घासता गेलीस? तू?" पोर म्हणाली, "उठायलाच लेट झालं, मम्मी." माझं नाव घेतलं नाही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिला बोलणी बसत होती आणि मी मुकाट्याने चहा पीत होतो. सकाळी किती मोठा आवाज निघाला होता माझा!

ते गुलाबी दात डोळ्यांपुढून जात नाहीत. तेव्हाच सांगायला हवं होतं का? हवं होतं. नाही सांगितलं.

बस. यावर मला आणखी काही बोलायचं नाही.