सोड म्हणायच्या अगोदर

प्रिय मैनाताई,

सप्रेम जय भीम. पत्र पाहून घाबरू नको, हातपाय शाबूत आहेत. फोन केला असता, पण तू लगेच स्पीकर लावते, आन् मंग तुह्या सासूपासून पिंकीपर्यंत सारं अकोला मले ऐकत बसते. हे एकट्या तुले सांगाचं आहे. आठवी नापास माणसाचं अक्षर आहे, सांभाळून घेजो.

पिंकीच्या शाळेतल्या पोरींनी मामाचे स्केटबोर्डचे व्हिडिओ पायले म्हणे. इथं बंगलोरले बी लोक थांबवून फोटो काढतात. तिकडं अमरावतीत शेषरावकाका अजून बाबाले विचारतात, "पोरगा चाकाच्या फळीवर उभा राहते, त्याचा पगार कोण देते?" बाबा म्हणतात, "मलेबी समजत नाही, पण देतात बा." मले हसू येते. आता थोडं कमी येते.

इथं सिमेंटचा मोठा खड्डा आहे, कोरड्या विहिरीएवढा खोल, पण वाटीसारखा गोल. त्याच्या काठावर बोर्डाची शेपटी, म्हणजे मागचं टोक, मागच्या पायानं दाबून धराची, बाकी बोर्ड हवेत. मंग पुढचा पाय मारून सारं अंग खड्ड्यात झोकून द्याचं. भेऊन अंग मागं घेतलं का बोर्ड पुढं निघून जाते आन् माणूस पाठीवर. म्हणजे ताई, खड्डा कोणाले पाडत नाही, भेवच पाडते. हेच मी रोज लेकराईले शिकवतो.

उन्हाळ्यात मी पडलो, खांद्याचं हाड मोडलं, ते तुले माहीत आहे. हेल्मेट उभं फाकलं होतं, ते आईले सांगू नको. आता हाड जुळलं. डॉक्टर म्हणे, खेळ बिनधास्त. दुसऱ्याच दिवशी काठावर गेलो, शेपटी दाबली, पुढचा पाय ठेवला. पाय हललाच नाही. म्हटलं, उद्या पाहू. उद्याबी तेच. खड्ड्याचा तळ वर येऊन राहिला असं वाटते. मंग मी मागं सरकतो आन् म्हणतो, बेरिंग जाम आहे. साऱ्याईसमोर बसून चांगली चाकं खोलतो, तेल देतो, परत लावतो. बाबासारखा फिटर झालो म्हण. शिकाले एक बारकी पोरगी येते, अदिती. काल ते म्हणे, "सर, आपका ही बेरिंग रोज क्यों जाम होता है?" सारे हसले. मीबी हसलो. आन् तेच चाक परत खोलाले घेतलं.

त्या चाकावरूनच आपली लहानपणची गाडी आठवली. बाबा धामणगावच्या कापसाच्या जिनिंगमधून झिजलेले बेरिंग आणत, ते आपण फळीले ठोकले होते. गल्लीच्या उतारावर मी बसाचो, तू मागून ओढणी बांधून धराची. मी 'सोड' म्हटल्याशिवाय सोडाचं नाही, असा नेम. मी कधी म्हणतच नव्हतो. गल्लीतला भगवंत चिडवे, "याची गाडी बहिणीच्या ओढणीवर चालते." एक दिवस तू न विचारता सोडून देलं. मी बोंबलत गेलो थेट राजापेठच्या रोडच्या तोंडापर्यंत, आन् डोमाजीच्या भाजीगाडीत घुसलो. त्याचे वांगे वेचता वेचताच तुले म्हणलं, "अजून एकदा." तू म्हणे, "तुह्या सोड म्हणाची वाट पायली असती, तं म्हातारी झाली असती मी."

पुढच्या रविवारी स्पर्धा आहे. उतरलो नाही तं मले पगार देणारी बोर्डाची कंपनी माह्या जागी दुसरा पोरगा घेईन. मले दुसरं काही येत नाही ताई. पण त्याच्यापेक्षा जास्त भेव या पायाचं वाटते. हा आता माहा राहिला नाही असं वाटते. शनिवारी सराव असते, घरच्याईले काठावर येऊ देतात. ललितभाऊजीले सांग काहीबी, आन् गुरुवारची गाडी पकड. ओढणी आणू नको, लोक हसतील. नाही, आण. ते माह्या कमरेले बांधून मागं धरून उभी राह्य. मी 'सोड' म्हणणार नाही, मले माहीत आहे. तू वाट पाहू नको.

तुहाच,
संघपाल