तिसाच्या अलीकडचा काटा

बाबा, त्या गेजला काहीही झालेलं नव्हतं. तो तेव्हाही चांगला होता, आजही चांगला आहे. एवढंच लिहून कागद मिटणार होते, पण राग तेवढ्यात मावेना. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. गेलेल्या माणसावर काय चिडायचं, असं आई म्हणेल, पण तुम्ही होतात तेव्हा तुमच्यावर चिडायची सोय कुठे होती आपल्या घरात?

तो रविवार मला लख्ख आठवतो. जयपूरच्या जुन्या शहरातल्या, चारदीवारीतल्या भंगारवाल्या कबाड्याकडून तुम्ही वर्तमानपत्रात गुंडाळून काहीतरी आणलंत. मुठीएवढं गोल डबडं, मागे पितळी नळीचं तोंड, आणि काच इतकी काळीकुट्ट की आतलं काही दिसू नये. फौजी माल आहे, लढाईच्या वेळचा, एवढंच कबाडी म्हणाला होता. कसला गेज ते त्यालाही ठाऊक नव्हतं. तुम्ही रेल्वेच्या शेडमध्ये इंजिनांचे गेज, म्हणजे दाब दाखवणारी यंत्रं, तपासणारे. झोप काढून उठलो की बघतो म्हणालात. मी तेरा वर्षांची, सुट्टीच्या दिवशी तुमच्या टेबलाशी उभं राहून हातात स्क्रू द्यायचं काम माझं. मला वाटलं, तुम्ही उठायच्या आत काच साफ करून ठेवावी. अंगणात बसून रॉकेलच्या बोळ्याने तासभर घासतेय. काळ्या तबकडीवरचे पांढरे आकडे एकेक करून वर येतायत, दहा, वीस, तीस, चाळीस, पन्नास, आणि मग काटा दिसतो, तिसाच्या जरासा अलीकडे उभा. किती खूश झाले होते मी, बाबा.

तुम्ही आलात, बघितलंत आणि विचारलंत, ‘पाडलास ना?’ मी नाही म्हटलं. परत विचारलंत, मी परत नाही म्हटलं. मग आवाज न चढवता मला समजावून सांगितलंत की नळीला काही जोडलेलं नाही म्हणजे दाब नाही, दाब नसला की काटा खाली येऊन टेकतो, हा मध्येच अडकलाय म्हणजे तो कुणीतरी आपटलाय. आणि घरात हे कुणीतरी म्हणजे मीच. ‘मोडलं असतंस तर चाललं असतं. खोटं बोललीस. आता माझ्या हत्यारांना हात लावायचा नाही.’ आई दारात उभी होती, ती आत वळली. पुढच्या रविवारी माझ्या जागी धाकट्या भावाला उभं केलंत. तो आज चाळिशीला आलाय आणि स्क्रू कुठल्या बाजूला फिरवायचा हे अजून मला फोन करून विचारतो.

मागच्या महिन्यात आई त्याच्याकडे राहायला गेली. घर रिकामं करताना ट्रंकेच्या तळाशी हा गेज सापडला, आणि कुणालाच नको म्हणून मी सोडाल्याला, माझ्या घरी आणला. माझ्या मुलीने दोन दिवस सायबर कॅफेत शोधलं, तरी काही पत्ता लागेना. शेवटी मागच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांकडे नेला. ते हवाई दलात विमानांची इन्स्ट्रुमेंट दुरुस्त करायचे. त्यांनी बघताक्षणीच ओळखला. मागच्या तोंडाला सलाईनची रबरी नळी लावली, दुसरं टोक ओठांत धरून हवा ओढली, तर काटा सरसर खाली आला. नळी सोडली, तसा वर जाऊन पुन्हा तिसाच्या अलीकडे उभा राहिला. ‘बेटी, यह तो एकदम सही है. इसमें ज़ीरो होता ही नहीं.’ लढाईच्या काळातल्या विमानाचा आहे म्हणाले, इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब दाखवणारा. इंजिन बंद असलं की तो बाहेरच्या हवेचाच दाब दाखवतो. समुद्राकाठी तीस, आपल्या जयपुरात थोडा कमी, माउंट अबूला आणखी कमी. काटा खाली टेकलेला असता, तर तो बिघडलेला.

ऐकलंत? अख्ख्या जयपूरची हवा त्या काट्यावर दाब देत होती आणि तुम्ही म्हणालात, दाब नाही. एकदा हवा ओढून बघायची होती, बस. आकडे दहापासून सुरू होतात, शून्य छापलेलंच नाही, हे तुमच्या डोळ्यांना दिसू नये? दुसऱ्या कुणाचे डोळे असते तर मी सोडून दिलं असतं. शेडमधला भंगारात काढलेला गेजसुद्धा तुम्ही तीनदा तपासल्याशिवाय नापास करत नव्हतात. मला एकदाही तपासलं नाहीत. बी.ए. करून मी बँकेच्या काउंटरला बसले, ती अजून तिथेच आहे. घरातला फ्यूज गेला तरी माझा हात पुढे होत नाही. तो हात तुम्ही बांधलात, बाबा, आणि चुकीच्या कारणासाठी बांधलात.

काल गेज हातात धरून हे सगळं मी मुलीला ऐकवलं. मोठ्या तावात होते. ती म्हणाली, ‘मतलब, आजोबांनी तुला पॉलिटेक्निकला जाऊच दिलं नाही?’ मी म्हटलं, नाही दिलं. लग्न झाल्यापासून ह्या घरात हेच सांगत आलेय.

दहावीनंतर तुम्ही रांगेत उभं राहून पॉलिटेक्निकचा फॉर्म आणला होतात. माझ्या ताटाशेजारी ठेवून म्हणालात, ‘तुझा हात चांगला आहे.’ मला त्या रविवारबद्दलचं वाक्य हवं होतं, ते तुम्ही बोलला नाहीत. फॉर्म मी अंगीठीत घातला. शेवटच्या तारखेला तुम्ही विचारलंत, तेव्हा हरवला म्हणाले. त्या दिवशी मी खोटं बोलत होते आणि तुम्हाला ते लगेच पटलं. मुलीला हे सांगितलेलं नाही. हा कागद तिच्या हाताला लागणार नाही, अशा जागी ठेवणार आहे.