पर्पेतुआच्या शेजारचा सूर

मौमेरे, ८ जुलै १९९४

चि. ब्लासियस यास मोदेस्ता मावशीचे अनेक आशीर्वाद.

तू रचलेलं ‘प्रभू दया कर’ पोहोचलं. पंधरा ऑगस्टच्या सणाला चर्चमध्ये बिशपांसमोर गायचं म्हणून रोज तालीम चालू आहे. पण तुझी एक चूक राहिली आहे. शेवटी मी सूर धरते, त्याला अगदी खेटून पर्पेतुआचा सूर. कानात कुसळ गेल्यासारखं होतं. तिच्या डुकराने माझ्या कसाव्याचे कंद उकरून खाल्ल्यापासून आम्ही जावा-जावा बोलत नाही. निदान गाण्यात तरी तिला चार घरं लांब ठेव.

वेळेवर जेवत जा.
तुझी मावशी

योग्यकार्ता, २० जुलै

ती. मावशीस सा. न.

चूक नाही, मुद्दामच लिहिलंय. पापनिवेदनाला गुडघे टेकतो तेव्हा आत असंच खुपत असतं. क्षमा मिळाली की मोकळं वाटतं. ते कानांना कळायला हवं. म्हणून दोघींपैकी एकीने खालच्या सुरावर उतरायचं. कुणी, ते लिहिलेलं नाही. जी आधी क्षमा करेल ती. डुकराचं मला खरंच ठाऊक नव्हतं.

रागावलीस तरी पत्र लिही.
ब्लासियस

मौमेरे, १६ ऑगस्ट

चि. ब्लासियस यास आशीर्वाद, नेहमीपेक्षा थोडे कमी.

काल मिस्सा झाली. शेवट आला आणि आम्ही दोघी सूर धरून उभ्या. मी मनात म्हटलं, डुक्कर तिचं, तिने उतरावं. तिच्या मनात, हे नंतर कळलं, डुकराला दगड मी मारला, तर मीच उतरावं. बाकीचे दम संपून गप्प झाले. बिशप हात जोडून थांबलेले. पर्पेतुआ वांग्यासारखी जांभळी पडली. सत्तरीची बाई, इथेच कोसळली तर, म्हणून मी उतरले. नेमकी त्याच क्षणी तीही उतरली. नंतर म्हणाली, तुझे डोळे बाहेर आलेले मला बघवेनात.

दोघी एकाच सुरावर आदळलो आणि असं हसू फुटलं की रुमाल तोंडात कोंबूनही आवरेना. बिशप म्हणाले, इतकी लांब दया त्यांनी आजवर मागितली नव्हती.

आता बोलतो आम्ही. जरा जास्तच, असं तुझे काका म्हणतात.
मोदेस्ता मावशी

योग्यकार्ता, ३० ऑगस्ट

ती. मावशीस सा. न.

एकीने क्षमा केली की भागतं, असं मी धरून चाललो होतो. आता दोघींनी एकदम उतरायचं, असं लिहिलंय. इथल्या गायनवृंदातल्या मुलींना ते काही केल्या जमेना. जी ती दुसरीची वाट बघायची. शेवटी त्यांना समोरासमोर तोंड करून उभं केलं. मग जमलं.

दोघींचाही लोभ असू दे.
ब्लासियस