खिंडीच्या चढाला पुरेल एवढा सुपरचार्जर

आबा,

तुमची जीप कुसगावला माझ्या गॅरेजच्या मागं उभी आहे. तुमच्यामागं धाकट्यानं ती चालवली. वाडीतली माणसं खिंड ओलांडून टाकव्याला न्यायची, परत आणायची. पण इंजिन थकलं होतं. चढाला निम्मी माणसं उतरून मागनं ढकलायची. शेवटी तो गॅरेजवर आला. "दादा, सुपरचार्जर बसव हिला. आन् मोठाच बसव, लय जोर लागतो चढाला."

सुपरचार्जर म्हणजे इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा पंप. तुम्ही तो पाहिला नव्हता. मी म्हणालो, "मोठ्याची हवा जुन्या पिस्टनला सोसायची न्हाई. फुटंल." "मग लहान घेऊन काय उपेग?" त्यानं विचारलं. मला तुमचं ओरडणं आठवत होतं. आपण चुलीपुढं जेवतोय, मी भाकरीचा मोठा तुकडा कोंबतो, ठसका लागतो, आणि तुम्ही पाठीत थाप मारून म्हणता, "गळा बघून घास घ्यावा." मी इंजिन किती हवा ओढतं ते काढलं, प्रत्येक सिलिंडर अजून किती दाब धरतो, ते कॉम्प्रेशन तपासलं, चढाला इंजिन किती हळू फिरतं तेही धरलं. मग लहानातला घेतला, पुली बदलून दाब आणखी कमी ठेवला. पहिल्याच फेरीला भरलेली जीप कुणी न उतरता खिंड चढली. धाकटा फोनवर नुसता हसत होता.

पाऊस सरल्यावर एका सकाळी आई भांडी घासताना कलंडली. तोंड वाकडं झालं. धाकट्यानं तिला जीपमध्ये घातलं. खिंडीच्या मध्यावर इंजिन आतून खडखडलं आणि बंद पडलं. बरोबरच्या चौघांनी घोंगडीत घालून आईला वर नेलं, पलीकडं टेम्पो मिळेपर्यंत ऊन चढलं होतं. मी लोणावळ्याच्या दवाखान्याच्या दारात उभा, हातात फोन, आणि करण्यासारखं काहीच नाही. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं.

आई आहे, आबा. उजवी बाजू गेली. बोलते ते आम्हाला कळत नाही, मग ती भिंतीकडं बघत राहते. धाकटा तिला पेज भरवतो. त्यानं मला एकदाच विचारलं, "मोठा बसवला असता तर?" मी म्हणालो, "तर मग आधीच फुटलं असतं." त्यानं मान हलवली. पटलं की नाही, कळलं नाही.

जीप ओढून आणली, पण इंजिन मी अजून खोललेलं नाही. गिऱ्हाइकांची कामं आहेत असं घरी सांगतो. खरं तर माझं माप चुकलं असेल याची भीती नाही मला. ते बरोबरच निघालं, तर माफी मागायला चूकसुद्धा उरायची नाही, मग आईकडं कुठल्या तोंडानं बघू, ते कळत नाही.