४१,३०७ किलोमीटर

३ नोव्हेंबर, सोमवार

आज ऑफिसात नव्या टीमची ओळख. प्रत्येकाने नाव, गाव आणि छंद सांगायचा. माझ्या आधीचे दोघं म्हणाले, वाचन. मी म्हणाले, मोटरसायकल टूरिंग.

का म्हणाले माहीत नाही. टूरिंगचे व्हिडिओ मी दोन वर्षं बघते, म्हणजे छंद आहेच, पण बघण्याचा. एवढं जोडायला हवं होतं. तोवर टाळ्या वाजल्या. टीम लीड सलीलने विचारलं, कोणती गाडी? मी म्हणाले, सध्या बदलतेय.

एका मिनिटात दोन खोट्या गोष्टी. जेवण गेलं नाही.

४ नोव्हेंबर, सकाळी ६

उपाय सापडला. बोललेलं मागे घेण्यापेक्षा ते खरं करून टाकणं जास्त प्रामाणिक. जुनी, दणकट टूरिंग मोटरसायकल घ्यायची. मग खोटं काहीच उरत नाही, फक्त तारखा थोड्या मागेपुढे.

चालवता येत नाही, हा नंतरचा मुद्दा. बाबांच्या बँकेतल्या बदल्यांमुळे चौथीपर्यंत मी घरीच शिकले, बाबांपाशी. त्यांचा नियम: आधी नीट समजून घे, मग हात लाव. सायकलचा तोल का राहतो हे मी आकृती काढून समजावू शकते. सायकल थोडी येते.

९ नोव्हेंबर, रविवार

अभ्यास पूर्ण. जुनी गाडी घेताना तपासायच्या बेचाळीस गोष्टींची यादी केली. चेन, क्लच, सस्पेन्शन, इंजिनाचा आवाज (थंड असताना), इंजिनाचा आवाज (गरम असताना). लर्निंग लायसन्सही आलं. परीक्षेत एकही चूक नाही.

१२ नोव्हेंबर

कोलकात्यातल्या महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जाहिरात. बराकपूरचे निवृत्त सुभेदार श्यामराव आपली साडेतीनशे सीसीची गाडी विकतायत. गुडघे गेले म्हणून. खाली लिहिलंय: चालवणाऱ्यालाच मिळेल.

बाबा म्हणाले, आपली माणसं आहेत, फसवणार नाहीत. आई म्हणाली, मराठी घर आहे तर मीही येते, रिकाम्या हाताने जायचं नाही. मी म्हणाले, आई, ही व्यावसायिक भेट आहे. आईने चिवडा करायला घेतला.

१६ नोव्हेंबर, रविवार

बराकपूरला गेलो. गाडी अंगणात पुसून उभी. काळी, रुंद, दोन्ही बाजूंना बॅगांच्या कड्या. यादी काढायला पर्स उघडली, तेवढ्यात त्यांच्या पत्नी सरलाकाकूंनी पोहे आणले.

इथेच सगळं बिघडलं. पोहे खाल्ल्यावर त्या माणसाला इंजिन उघडलं होतं का असं कसं विचारणार? तरी धीर करून अॅक्सिडेंटचं विचारलं. काकू म्हणाल्या, अगं, आमच्या ह्यांच्या गाडीखाली कधी मुंगी आली नाही, आणखी पोहे घे. मग त्यांनी आईची ओटी भरली. आई मूळची वाईची, काकूंचं माहेर तिथल्याच जवळच्या पाचवडचं. पुढचा तास त्या दोघींचा.

बेचाळीसपैकी एक मुद्दा तपासला: रंग. गाडीवर बसूनही बघितलं नाही. लोकांच्या गाडीवर न विचारता बसणं बरं दिसत नाही, आणि विचारवेना.

श्यामरावकाका म्हणाले, चार जणांना परत पाठवलंय मी, पोरी. ते गाडीकडे कमी नि माझ्या तोंडाकडे जास्त बघत होते. तू गाडीकडं बघतीस. मग विचारलं, चालवतेस ना?

मी म्हणाले, हो.

लायसन्स आहे? हो. (लर्निंगही लायसन्सच असतं.)

मग ते सांगू लागले. दार्जिलिंग तीन वेळा झालं. उत्तर सिक्कीमच्या वाटेवर निघाले तेव्हा रस्ता खचला होता, परत फिरले. मग गुडघे गेले. म्हणाले, तेवढं एक राहिलंय, तू ने हिला. आई माझ्याकडे बघत होती. आईला सगळं माहीत आहे, पण तिच्या मांडीवर त्यांचा नारळ होता.

मी म्हणाले, नेते.

संकल्प: एप्रिलपर्यंत उत्तर सिक्कीम. म्हणजे हेही खोटं उरणार नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

काका स्वतः गाडी चालवत बालीगंजला आले. पार्किंगमध्ये लावली, मीटर दाखवला: ४१,३०७. म्हणाले, हा आकडा मला पाठ आहे, आता पुढचे तुझे. पैसे आणि कागद तू सिक्कीमहून आल्यावर. उतरताना त्यांना गुडघा दोन्ही हातांनी सरळ करावा लागला. लोकलने परत गेले.

ते गेल्यावर बसून पाहिलं. माझे पाय जमिनीला टेकत नाहीत.

यादी पुन्हा वाचली. बेचाळीस मुद्द्यांत सीटची उंची कुठेही नाही.

२४ नोव्हेंबर, पहाटे ५.३०

कोणी नसताना चालू केली. झाली. गिअर टाकला. ती पुढे गेली, मी नाही म्हटलं, ती थांबली आणि हळूहळू डावीकडे कलली. एवढी हळू, की मला तोलाचं सगळं तत्त्व आठवायला वेळ मिळाला. तळमजल्यावरच्या गौरीमावशींच्या जास्वंदीच्या कुंडीवर आडवी झाली. दरवान हरिपददांनी येऊन उचलली. त्यांनी काही विचारलं नाही, याचंच जास्त वाईट वाटलं.

मावशींना माफीची चिठ्ठी लिहिली: कुंडी माझ्याकडून फुटली. ‘माझ्याकडून’मध्ये सगळं आलं.

संकल्प: उंच टाचांचे बूट. मग नीट सुरुवात.

३० नोव्हेंबर

काकांचा फोन. किती झाले गं? मी म्हणाले, सध्या ऑफिसचं काम फार आहे. म्हणाले, अगं, ऑफिसलाच ने की.

बूट आले. उजवा पाय टेकतो, मग डावा हवेत. ड्रायव्हिंग स्कूलला फोन केला. म्हणाले, आधी स्कूटी. स्कूटीवर शिकणं म्हणजे काकांचा अपमान. नकार दिला.

४ डिसेंबर

महत्त्वाचा शोध! गाडी थोडी सावलीत घ्यायला हरिपददांच्या मदतीने ढकलली. मीटरचा शेवटचा आकडा सरकला. जुना, केबलचा मीटर आहे. पुढचं चाक फिरलं की तो फिरतो. इंजिनाशी त्याचा काही संबंध नाही.

म्हणजे किलोमीटर हे किलोमीटरच. मी गाडीबरोबर जाते, गाडी माझ्याबरोबर जाते. यात खोटं काय?

वेळापत्रक: रोज पहाटे सहा ते साडेसहा, कंपाउंडच्या फेऱ्या. हँडल मी धरणार, मागून हरिपददा. गाडीची सवय होईल, हाताला वजन कळेल. समजून घेणं ही पहिली पायरी.

१० डिसेंबर

४१,३११. खांदे धरलेत. हरिपददा म्हणाले, दीदी, तेल महाग झालंय म्हणून का? मी म्हणाले, प्रॅक्टिस आहे. ते म्हणाले, कसली?

आई खिडकीतून बघते आणि पडदा ओढते.

१४ डिसेंबर, रविवार

काकांचा फोन. किती? मी आकडा सांगितला. ते म्हणाले, एक्केचाळीस हजार नऊशे तेरा? मी म्हणाले, नाही, तीनशे तेरा. म्हणजे सहा किलोमीटर. म्हणाले, बरं बरं, तब्येत ठीक आहे ना तुझी? काकूही मागून काहीतरी विचारत होत्या.

ऑफिसात सलीलने गाडीचा फोटो बघितला. सगळे भारावले. फोटो खरा आहे.

संकल्प: जानेवारीत खरंच शिकायचं. स्कूटीवरसुद्धा.

२१ डिसेंबर, रविवार

काका न सांगता आले. लोकलने, हातात हेल्मेट आणि दोन जुन्या चामडी बॅगा. कड्यांना लावायच्या, सिक्कीमसाठी. चांभाराकडून नवीन पट्टे घालून आणले होते.

आधी मीटर बघितला: ४१,३१६. मान हलवली. मग वाकायला जमत नाही म्हणून पायरीवर बसले, आणि बसल्यावर त्यांची नजर सायलेन्सरच्या बरोबर समोर आली. सायलेन्सरच्या तोंडावर कोळ्याचं जाळं. पूर्ण, गोल. मध्ये कोळी.

मग त्यांनी विचारलं, ढकलून? मी म्हणाले, हो. एकटी? हरिपददांनी लांबून हात वर केला. काका हसायला लागले. हसता हसता डोळे पुसले. मला वाटलं, सुटले. मग हसणं थांबलं. म्हणाले, अंगणातच सांगितलं असतंस तर मी दिली नसती, पण शिकवली असती. आणि ते परत पाठवलेले चार जण, ते सगळे चालवणारे होते गं.

मी रडले नाही. रडण्याचा हक्क नव्हता.

त्यांनी किल्ली मागितली. कोळी बोटावर घेऊन जास्वंदीवर सोडला. बॅटरी उतरलेली, चौथ्या किकला गाडी चालू झाली. म्हणाले, बस मागं.

बसले. मागच्या फूटरेस्टला माझे पाय पोचतात.

रस्ताभर त्यांना गिअर बदलताना गुडघा दुखत होता, ते मला पाठीवरून कळत होतं. बराकपूरला गाडी आपल्या जागी लावून झाकली. बॅगा आत नेल्या. काकूंनी पोहे दिले. निघताना मला कुंकू लावलं. लावायला नको होतं.

मीटर: ४१,३४५.

लोकलने परत.

२२ डिसेंबर, सोमवार

सलीलने विचारलं, वीकेंडला राइड? मी म्हणाले, बराकपूर. एकोणतीस किलोमीटर, मोटरसायकलवरून.

हे अक्षरन्अक्षर खरं आहे. कुठे बसले होते, ते कोणी विचारलं नाही.